श्वास मोजायच्या टाकीतलं पाणी

दुष्काळाच्या वर्षी मी नगरच्या एका दवाखान्यात रोग्यांचा श्वास मोजायच्या कामावर होतो. यंत्र साधं होतं. पाण्याच्या टाकीत एक डबा पालथा तरंगायचा, नळीतून फुंकलं की वर चढायचा, आणि किती लिटर हवा आली ते काटा दाखवायचा.

एका आठवड्यात धडधाकट माणसंही तीन लिटरवर अडायला लागली. मी स्वतः फुंकून पाहिलं, तर मीही तिथेच. एरवी माझे चार सहज भरत. टाकीत डोकावलो, तर पाणी वीतभर खाली गेलेलं. डबा चढला की त्याची कड उघडी पडून हवा निसटत होती.

साफसफाईच्या मावशींना विचारलं. "नुसतं उभंच हुतं की पानी," त्या म्हणाल्या. "रोज तांब्याभर काढून पेशंटची भांडी इसळत हुते." मी चिडलो होतो, पण त्या वर्षी त्यांना काय बोलणार?

बाहेर केडगावकडचा एक दगडखाणीतला मजूर बसला होता. आदल्या दिवशी त्याचेही तीनच आले होते. "काळजी करू नका, चूक यंत्राची आहे," असं मी त्याला सांगून टाकलं. तो हसला. मग मी माझ्या वाट्याची कळशी टाकीत ओतली आणि पुन्हा फुंकलं. माझे चार भरले.

त्याने सगळा जोर लावून फुंकलं. काटा तीनवरच थांबला. नळी तोंडात तशीच धरून तो माझ्याकडे बघत राहिला.