शालनच्या भिंतीवरचं चुकलेलं चित्र

ईरा, निशांत, तुमची शालनआजी जाऊन पाच आठवडे झाले. सकाळी सातला तिच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी फिरायला निघाले होते. एक बूट पायात, एक हातात, तशीच खुर्चीवर बसून राहिले. तेव्हा काही लिहावंसं वाटलं नाही. आज लिहायला बसले ते ईरामुळे. परवा टोरांटोहून फोनवर ती म्हणाली, "आजी, मी चित्रकलेचा कोर्स सोडतेय. माझं चित्र पहिल्यांदा कधी बरोबर येतच नाही." आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, शब्दांची कधी वानवा पडली नाही, पण याचं उत्तर शब्दांतलं नव्हतं. उत्तर शालनकडे होतं...

शालन राहुरीकडच्या शेतकरी घरातली. नगरच्या आमच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची, मी इंग्रजी. निवृत्तीनंतर ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढू लागली. सावेडीतल्या तिच्या खोलीत टेबल होतं, पण त्यावर इस्त्रीचे कपडे असत. ती फरशीवर कपाटाला पाठ टेकून, मांडीवर फळी घेऊन बसायची. पेन्सिलीला टोक ब्लेडने करायची, सालं चहाच्या बशीत. निशांत, लहानपणी तू ती सालं वेचून खिशात भरून नेली होतीस. कुठलंही काम डोळ्यांसमोर घडल्याशिवाय तिला रेघ ओढवत नसे. एकदा धुणं पिळणारे हात हवे होते, तर माझ्याकडून एकच चादर नऊ वेळा पिळून घेतली. "मास्तरीणबाई, पिळतीयस का कुरवाळतीयस? जोर लाव की!" दुसऱ्या दिवशी माझी मनगटं धरली होती. पुस्तक छापून आलं तेव्हा बघितलं, हात माझेच होते. बांगड्या फक्त तिने वेगळ्या घातल्या होत्या.

ऊसतोडणीला येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी आम्ही दोघींनी एक पुस्तक केलं, ती गोष्ट मात्र नीट ऐका. मजकूर माझा, चित्रं तिची. मी पानांना आकडे घालून फाईल लावली होती, छपाईचा दिवस ठरवून टाकला होता. पाचव्या पानावर मुलीची आई ऊस तोडतेय. शालनने काढलेली ती बाई काय देखणी होती! ताठ उभी, कोयता उगारलेला, पदर वाऱ्यावर. मी म्हटलं, हेच मुखपृष्ठावर घेऊ. शालन म्हणाली, "आधी दाखवून येऊ." कुणाला, हे तिने सांगितलंच नाही. तिच्या स्कूटरवर मागे बसून मी राहुरीच्या पुढे तोडणीवाल्यांच्या कोप्यांपर्यंत, त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांपर्यंत, गेले. तिथे पाथर्डीकडच्या कांताबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी पिठाचे हात मागे धरून चित्र बघितलं आणि पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

"अवं बाई, ही ऊस तोडतीया का आरती ववाळतीया?"

"का हो, काय चुकलं?"

"उभं ऱ्हाऊन कुनी तोडतं व्हय? पार भुईला टेकून, बुडातून तोडावा लागतो. साखर बुडात असती. असा वरून तोडला तर मुकादम दुसऱ्या दिशी घरी धाडील हिला!"

परतीच्या वाटेवर मी शालनला समजावलं. छपाईची वेळ घेतलीय, चित्र सुंदर आहे, असू दे, कुणाला कळणार आहे? तिने स्कूटर कडेला थांबवली. रागावली की तिची माहेरची बोली वर यायची. "दुसऱ्या कुनाला न्हाई कळणार. पन हे पुस्तक ज्यांच्यासाठी करतोय, त्याच पोरांना कळंल. त्यांच्या आईचं चित्र हाय ते." आठवडाभर आमचा अबोला होता. छपाईची वेळ हुकली. मी फुगून घरी बसले, आणि ती दोन दिवस उसाच्या फडात जाऊन बसली. आली तेव्हा पाचटाच्या धारदार पात्यांनी दोन्ही हात ओरबाडले होते.

नवं चित्र मला मुळीच आवडलं नाही, हे कबूल करते. चेहरा जवळजवळ दिसतच नव्हता. वाकलेली पाठ, मुठीत धरलेला ऊस आणि मातीला लागलेला कोयता, एवढंच. पुस्तक आलं तेव्हा तोडणीवाल्यांच्या मुलांच्या वर्गात मी ते वाचून दाखवलं. पाचव्या पानावर एका मुलीने माझा हात अडवला. पान उलटू देईना. बराच वेळ बघून म्हणाली, "हिची कंबर लई दुखत असंल." मी मागे वळून शालनकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती...

ते पहिलं, देखणं चित्र तिने फ्रेम करून खोलीत लावलं आणि खाली लिहिलं, "चूक दाखवली: कांताबाई." आलेला माणूस हमखास त्याचंच कौतुक करायचा, आणि ती आनंदाने त्यातली चूक सांगत बसायची. ईरा, तूही सातवीत असताना केलं होतंस, आठवतं? "पहिल्यांदा बरोबर आलं तर मला धास्ती वाटती," ती तुला म्हणाली होती. "वाटतं, मी कुनाला विचारलंच न्हाई."

मागच्या आठवड्यात तिच्या सुनेने मला बोलावून ती फळी हवाली केली. तिच्यावर एक अर्धं चित्र आहे. म्हातारी शेळीचं दूध काढतेय. गाई-म्हशींच्या घरात वाढलेल्या शालनने शेळी कधी पिळली नसावी. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय, "डावा हात कुठे असतो? विचारायचं." मी फळी काखेत मारून आमच्या गल्लीमागे शेळ्या पाळणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी तोंडाने काही सांगितलंच नाही. मलाच उकिडवं बसवलं. साडी खराब झाली, गुडघे दोन दिवस बोलत होते, पण डावा हात कुठे असतो ते आता मला पक्कं माहीत आहे. ते फोनवर सांगता येण्यासारखं नाही.

फळी माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे. म्हातारी आहे, शेळी आहे, उजवा हात आहे. ईरा, डाव्या हाताची जागा कोरी आहे. शालनच्या ओळीखाली मी माझ्या अक्षरात लिहिलंय, "विचारलं."