वर गेलेला हात

घरात कुणी पडदा सरकवायला हात वर केला, तर आपलं लक्षही जात नाही. गतिमंद प्रौढ स्त्रियांच्या एका निवासी संस्थेत मी समितीतर्फे दर महिन्याला तपासणीला जाते. यादी माझीच आहे: पिण्याचं पाणी, चादरी, औषधांचं कपाट. परवा सगळ्या खुणा करून झाल्या होत्या. तेवढ्यात तिथल्या काळजीवाहू बाईंनी पडद्यासाठी हात वर केला आणि बाकावरच्या चौघींनी एकदम दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

बाई हसल्या. "एकेक नाटकी आहेत हो, ताई."

कडेला बसलेली सुमन माझ्याच वयाची. तिची बाही वर सरकली होती आणि दंडावर बोटांचे काळेनिळे वळ होते. ती शेजारणीला म्हणाली, "आज नाही मारणार गं. पाहुणी आलीये."

वार, महिना, स्वतःचं वय ज्यांच्या लक्षात राहत नाही, त्यांनाही मार पाठ होतो. माझ्या यादीत त्याला रकाना नव्हता. मी वर्षभर चादरी मोजत होते.

"तू कधी जाणार?" सुमनने मला विचारलं.

तिला नेमकं काय विचारायचंय ते मला कळलं. मी तिथूनच आधी पोलिसांना आणि मग समितीच्या अध्यक्षांना फोन केला. "ते येईपर्यंत मी इथेच आहे," असं सांगून तिच्याशेजारी बसले.

तिने माझी पिशवी उचलली आणि बाकासमोरच्या आपल्या पलंगाखाली, पार भिंतीपर्यंत ढकलून दिली.