दगडावरचा चौथा

"येक जास्त हाय," असं म्हणत तात्या काठीचं टोक दगडावरच्या चारच्या आकड्यावर टेकवायचे.

गावच्या चर्चच्या आवारात तो काळा दगड आहे. गावातून पहिल्या महायुद्धाला किती जण गेले आणि त्यांतले चार परत आले नाहीत, एवढंच त्यावर कोरलंय. नावं नाहीत. मी शेजारच्या शाळेत शिकवायची. तुमच्यापैकी कुणी मधल्या सुट्टीत तिथून गेला असाल, तर तात्यांनी तुम्हालाही गाठलं असणार.

गावाला मेलेले तिघंच ठाऊक. चौथा म्हणजे आपला आजा, असं तात्यांचं म्हणणं. तो गेल्याचा सांगावा आला, तेरावं झालं, आजीनं कुंकू पुसलं, आणि पुढं कधीतरी आजा दारात उभा.

"जित्या माणसाला दगडात घातलाय, बाई. आकडा बदला म्हंतो, तर पंचायत हसती."

हसायचे सगळेच. पण आजा दारात आल्यावरही आजीला पुन्हा कुंकू लावायचा धीर होईना, हे सांगताना तात्या काठी दगडावरून उचलून घ्यायचे.

शेवटी पंचायत कंटाळून हो म्हणाली. तात्यांनी पाथरवट आणला. रविवार होता, चर्च नुकतंच सुटलं होतं. मिरजेच्या एका दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई त्या दिवशी चर्चमध्ये पाहुण्या आल्या होत्या. छिन्नी बघून त्या थबकल्या.

"काय खोडताय?"

"येक माणूस जास्त हाय."

"कोण जास्त? माझे आजोबा याच गावचे. लढाईवर गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हा माझे वडील पोटात होते. आजीनं वाट बघितली आणि माहेरी मिरजेला गेली. नंतर आमच्यातलं कुणी इथं आलंच नाही."

तात्यांनी हातानंच पाथरवटाला थांबवलं.

"म्हंजे माझा आजा ह्यात न्हवताच," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी नर्सबाईंच्या आजोबांचं नाव विचारलं आणि ते दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं.

"तुमच्या मानसाला पुसाय निघालो हुतो, ताई. चला, घरी जेवाय चला."

तेव्हापासून नर्सबाई गावात आल्या की जेवण तात्यांकडंच. भाकरी थोडी जरी जाड झाली, तरी तात्या सुनेवर डाफरायचे.

गेल्या वर्षी तात्या गेले. नर्सबाई मिरजेहून एसटीनं आल्या. कुणाला काही न विचारता चपला काढून आत गेल्या आणि घरच्या बायकांत, तात्यांच्या लेकीला जवळ घेऊन, भिंतीला टेकून बसल्या.