चौथा वन्स मोअर

बाईंनी हैदराबादच्या मराठी पोरांना नाट्यसंगीत शिकवलं, स्टेजवर उभं केलं, पुण्याच्या नाटक कंपनीपर्यंत पोचवलं, असं इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दरवर्षी कुणीतरी माइक धरून सांगतं. सगळं खरं आहे. मलाही त्यांनीच उभं केलं. पाडलंही त्यांनीच, पण ते माइकवर कोण सांगणार. मी मागच्या रांगेत बसते आणि चहा आला की उठते.

आम्ही गौलीगुड्याचे. आजोबांनी मराठवाड्यातली शेती भावांवर सोडली आणि इकडं आले, तेव्हापासून हैदराबादी. वडील मी लहान असतानाच गेले. आई साड्यांना फॉल-पिको करायची, आणि मी मशीनच्या आवाजावर आवाज चढवून गायची. माझा गळा मोठा झाला तो त्या मशीनमुळे. आईचं म्हणणं, देवानं दिला. देवाला काय पडलंय.

विद्यानगरला बाईंच्या घरी शिकायला जायचे. बाई लग्नाआधी एका नाटक कंपनीत नायिका होत्या. नवऱ्याबरोबर इथं आल्या आणि मंडळाच्या पोरांना तयार करायला लागल्या. शिकवायच्या जीव ओतून, आणि तोडायच्याही तसंच. माझ्या तोंडून 'हो'च्या जागी 'हौ' निघालं की ऑर्गन थांबवायच्या आणि त्या पुरे म्हणेपर्यंत सगळ्यांसमोर मला 'हो, हो, हो' म्हणायला लावायच्या. बाकीची पोरं खिदळायची. बाई हसायच्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

बाईंची एक पद्धत होती, ती सांगायलाच पाहिजे. नाटकात पद रंगलं की लोक 'वन्स मोअर' म्हणून ओरडतात आणि नटाला ते पुन्हा गावं लागतं. आमच्या मंडळात तो आपोआप यायचा नाही. बाई स्टेजच्या खाली ऑर्गनवर बसायच्या आणि त्यांचे यजमान, आमचे काका, तिसऱ्या रांगेत. पद संपलं की बाई चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या, आणि काका ओरडायचे, "वन्स मोअर!" प्रत्येक पोराला एक. पोरांना धीर यावा, कंपनीवाला कुणी बसला असेल तर त्याचं लक्ष जावं, म्हणून. आम्हां शिष्यांना हे ठाऊक होतं, घरच्यांना सांगायचं नाही असा नियम होता. दुसरा नियम, वन्स मोअर आला की नाही म्हणायचं नाही. गळा फुटला तरी गायचं.

त्याच सुमारास शहर बदलायला लागलं. घरोघरी केबल आली, आणि पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली कुटुंबं आली. त्यातल्या एका घरची मुलगी बाईंकडे यायला लागली. मराठी स्वच्छ, कपडे इस्त्रीचे, आवाज लहान पण सुरेल. तिच्या वडलांच्या कंपनीनं मंडळाला एसी हॉल मिळवून दिला, आणि आमच्या पौराणिक नाटकाच्या पडद्यावर कॉम्प्युटरचा बॅनर लागला. मुलगी वाईट नव्हती. मला घशाला ज्येष्ठमध आणून द्यायची. मला तिचा राग येत नाही असं मी सगळ्यांना सांगते. येतो.

मग बाईंनी एक दिवस शिकवणी संपताना सांगितलं, "पुण्याहून नाटक कंपनीचे मालक येणार आहेत. त्यांना दौऱ्यासाठी नायिका हवीय. तुमच्यापैकी एकीला नेतील." पगारी नटी, रोजचं गाणं, हेच माझं सगळं मागणं होतं. नाही गेले तर फॉल-पिको. नायिकेची भूमिका बाईंनी आम्हां दोघींत वाटली होती: मध्यंतरापर्यंत मी, पुढे ती. नायिकेचं सगळ्यांत अवघड पद पहिल्या अंकाच्या शेवटी, म्हणजे माझ्या वाट्याला. मला वाटलं, बाईंनी मला झुकतं माप दिलं.

प्रयोगाला आईनं अर्धा गौलीगुडा आणला. बायका एका बाजूला, डोक्यात गजरे, जणू माझंच लग्न. मालक पहिल्या रांगेत, पांढरा सदरा, चेहऱ्यावर काही नाही. पद आलं. गायले. चांगलं गायले, ते सांगायला मला कुणाची लाज नाही. बाईंनी चष्मा काढला, काका ओरडले, मी पुन्हा गायले. इथपर्यंत ठरल्याप्रमाणे.

दुसऱ्यांदा संपलं तेव्हा बाईंनी चष्मा घातला होता. तो त्यांनी परत काढला. काका ओरडले. मला इतका आनंद झाला की काय सांगू. बाईंनी कुठल्याच पोराला दोन दिले नव्हते. मी जीव तोडून गायले, होत्या नव्हत्या सगळ्या ताना घेतल्या.

तिसऱ्यांदाही चष्मा मांडीवर गेला. आता मी बाईंकडे नीट पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. विंगेत ती मुलगी साजशृंगार करून उभी होती, तिच्याकडे बघत होत्या. माझा गळा दमवायचं चाललंय ते कळलं, पण स्टेजवर कळून उपयोग काय. मी ताना गाळायला लागले, तर बाई ऑर्गनवर ती जागा धरून बसायच्या, मी घेईपर्यंत पुढं सरकायच्याच नाहीत. दात-ओठ खात मी तेही निभावलं. वरचा षड्ज लागला, लांब टिकला. लोकांनी टाळ्या दिल्या. बाईंनी चष्मा घातला. पडदेवाल्यानं दोरीला हात घातला. मी वाचले होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला, "वन्स मोअर!"

तो आवाज मी मशीनच्या घरघरीतही ओळखला असता. आई उभी राहिली होती, दोन्ही हात वर करून. तिच्यामागं अख्खा गौलीगुडा ओरडायला लागला. त्यांना वाटलं, पोरीचा मान होतोय, आपण मागं का राहायचं.

नाही म्हणायचं नाही. मी गायले. षड्जावर आवाज फाटला, नुसता चिरकला नाही, फाटला, आणि मग आलाच नाही. ओठ हलत होते. मागं कुणीतरी हसलं. मालकांनी मान खाली घातली. पडदा पडला. मध्यंतरानंतर ती मुलगी ताज्या गळ्यानं गायली, काकांनी तिला तिचा एक वन्स मोअर दिला, आणि तिची निवड झाली.

मी रंग पुसत बसले होते तेव्हा बाई आत आल्या. मी घोगऱ्या आवाजात विचारलं, "का बाई?"

"तिच्या वडलांनी हॉल दिला. तुझ्या आईनं मंडळाला काय दिलंय?" बाई म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "माझे तीनच होते. तिसऱ्याला तू टिकलीस. मालक पुढं झुकून ऐकत होते, मी पाहिलं. म्हटलं, हरले मी, घेऊन जाऊ दे हिला. चौथा तुझ्या घरचा. माहीत असावं तुला."

एवढं बोलून त्यांनी माझ्या गालावरचा राहिलेला रंग स्वतःच्या पदरानं पुसला. त्या पुसण्याचा मला अजून संताप येतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी दोघींचे गळे बसलेले. माझा गाऊन, आईचा ओरडून. दोघी हळदीचं दूध घेऊन समोरासमोर. "चार दफे परत गावं लागलं माझ्या पोरीला," आई कशीबशी म्हणाली, "लोकं सोडायलेच नव्हते." मालकांनी तरी का नेलं नाही, हे तिला कळेना. मी सांगितलं, मीच नको म्हटलं. खरं सांगायला माझ्याकडं आवाज नव्हता, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता.

कोठी भागातल्या डॉक्टरनं घशात गाठी सांगितल्या. गाठी गेल्या, षड्ज गेला तो गेलाच. कंपनी पुढं काही वर्षांत बंद पडली, ती मुलगी लग्न करून अमेरिकेला गेली. लोक मला समजावतात, म्हणजे तुझं फार काही गेलं नाही. अशा लोकांना मी घरी जेवायला बोलवत नाही. बाई वारल्या तेव्हाही मी गेले नाही.

आता मीच शिकवते, विद्यानगरला, दोन खोल्यांत. कॉम्प्युटरवाल्यांची पोरं येतात, पदं इंग्रजी अक्षरांत लिहून घेतात. त्यांना स्टेजवर उभं करते, बोलणी ऐकवते, आणि 'एकदाच गायचं' हा नियम पहिल्या दिवशी सांगते. आई आतल्या खोलीत खाटेवर असते. तिला आता कमी दिसतं, पण ऐकू स्वच्छ येतं.

परवा एक पोरगी तेच पद गायली. बरं गायली. आतून आवाज आला, "वन्स मोअर!" पोरीनं माझ्याकडं पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "एकदा पुरे."

आई चिडली. "खडूस मास्तरीण आहे ही. पोरींनो, हिला हेच पद चार दफे परत गावं लागलं होतं. चौथ्याला तर मीच उठले पहिली." आणि तिनं सगळं सांगितलं, हात वर करून, नेहमीसारखं. शेवटचा फाटलेला आवाज तिच्या गोष्टीत नसतो. तो तिला त्या गोंगाटात ऐकूच आला नव्हता, की आला होता, मी कधी विचारलं नाही.

"मग टीचर पुण्याला का नाही गेल्या, आजी?"

"मला एकटीला टाकून कशी जाईल?" आई म्हणाली. "नक्को म्हणाली मालकाला तोंडावर. एवढी माया हिची. विचारा तिलाच."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. आतमध्ये आईही ऐकत होती.

"हौ," मी म्हटलं.