रविवारची अ‍ॅकी

अंगण निम्मं झाडून झालं होतं. आंब्याखालचा पाला एका अंगाला, चुलीकडची राख आणि रविवारच्या स्वयंपाकाची टरफलं दुसऱ्या अंगाला, हा आयसिल्डाचा सोमवारचा रिवाज. मग दोन्ही ढीग मागच्या खड्ड्यात लोटायचे. खराटा टरफलांना लागला आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

अ‍ॅकीचं फळ झाडावर पिकलं की आपणहून तीन पाकळ्यांनी उलतं आणि आतल्या काळ्या कुळकुळीत बिया बाहेर डोकावतात. फळ हसलं, असं म्हणतात तिकडे. हसल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, कारण न हसलेल्या फळात विष असतं. बेटावरच्या पोर्टलँडच्या डोंगरातलं मूल हे नीट बोलायला लागायच्या आधी शिकतं. उललेल्या फळाचं टरफल वाळलं की त्याच्या कडा बाहेर वळतात. ढिगातली कितीतरी टरफलं मात्र ताठ होती, आणि त्यांच्या कडा सरळ होत्या. सुरीने कापल्यावर होतात तशा.

आयसिल्डा मातीत फतकल मारून बसली. एकेक टरफल उचलून बोटाने कड चाचपायची आणि बाजूला ठेवायची. कापलेलं. उललेलं. कापलेलं. कापलेलं.

"व्हर्नल!"

तिचा नवरा पडवीत बसून बुटाची नाडी बांधत होता. सकाळपासून तोच बूट, तीच नाडी.

"काय गं आयसी?"

"काल अ‍ॅकी कोणी काढली?"

"काल काय होतं?"

"रविवार."

"मग मीच काढली असणार. रविवारची अ‍ॅकी मीच काढतो." तो हसला. "का? दुसरा कुणी ठेवलायस की काय काढायला?"

"सगळी हसलेली होती का रे?"

"हसलेलीच काढतो मी. तुझ्या बापाला विचार." बाप मरून जमाना झाला होता. मग नाडीशी खेळत तो म्हणाला, "शेंड्यावरची काही हट्टी होती जरा. उघडेनात. मी सुरी लावली."

घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडल्याचं सांगावं, तसं त्याने सांगितलं.

लग्न झाल्यापासून हे काम त्याचं होतं. आयसिल्डा पहाटेच्या प्रार्थनेला देवळात जायची आणि तो आकडीची काठी घेऊन झाडाखाली उभा राहायचा. फळं काढायची, बिया टाकायच्या, गराच्या बेचक्यातला गुलाबी पापुद्रा सुरीच्या टोकाने उचलायचा, पिवळाधमक गर पाण्यात घालून ठेवायचा. ती आली की पहिलं पाणी उकळून फेकून द्यायची आणि कांदा, थाइमचा पाला, मिरची घालून खारवलेल्या माशाबरोबर परतायची. त्याच्यावर तिची पत्र्याखालची खानावळ उभी राहिली. कुठकुठचे प्रवासी रस्ता चुकत तिच्या बाकावर येऊन बसायचे.

अलीकडे व्हर्नल विसरायला लागला होता. कॉफीत मीठ घालायचा. सुतारकामाची पेटी घेऊन अशा घराच्या छपराला जायचा, जे त्यानेच तरुणपणी शाकारून दिलं होतं. ईस्टरला किंग्स्टनहून मुलगी मोरीन आली होती, तिने दोन दिवसांत सगळं ओळखलं. जाताना म्हणाली, "ममा, आता आणखी एक गोष्ट घडू दे, मी पपाला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवते. तू त्याला सांभाळत नाहीस, झाकतेस."

खरंच झाकत होती ती. त्याने काढलेल्या प्रत्येक फळाचं टरफल गुपचूप पाहून घ्यायची आणि मगच गर भांड्यात टाकायची. कालचा एक रविवार सोडून. काल प्रार्थना लांबली, आणि घरी आली तर बाकावर मिस इंगा ताटकळत बसलेली.

मिस इंगा लांबच्या थंड देशातली बाई. प्रवाशांनी या बेटावर काय खावं, कुठे खावं आणि कसं खावं, यावर पुस्तक लिहायला आली होती. शेजारच्या मिस पॅन्झीकडे उतरली होती आणि जेवायला रोज आयसिल्डाकडे. आयसिल्डाने तिला हाताला धरून शिकवलं होतं. नीरफणस चिरायचा नाही, अख्खा कोळशात भाजायचा. भातात मिरची अख्खी ठेवायची, फुटली तर तुझी तू जबाबदार. शनिवारी सूप, रविवारी अ‍ॅकी, आणि हॉटेलात या दोन्हींना हात लावायचा नाही.

"आणि अ‍ॅकीचा नियम एकच," असं तिने काल वाढता वाढता सांगितलं होतं. "ती हसेपर्यंत थांबायचं. घाई करणारा खाईलही आणि मरेलही."

मिस इंगाने ते मान डोलावून लिहून घेतलं आणि ताट पुसून खाल्लं, वर पुन्हा मागून घेतलं. आयसिल्डाचा उपास होता. व्हर्नलच्या दाताला मासा लागतो, तो लापशीवर होता. ती अ‍ॅकी त्या बाईने एकटीने खाल्ली.

आयसिल्डा अजून मातीतच होती, तोवर फाटकाशी मिस पॅन्झीचा आवाज आला.

"आयसी! अगं ए आयसी! माझी पाहुणी गेली आरोग्य केंद्रात!"

"काय झालं?"

"रात्री जेवून आली ती ओकतेच आहे. सकाळी हाक मारते तर डोळा उघडेना. दिली गाडीत घालून." पॅन्झी फाटकावर रेलली आणि आवाज खाली आणला. "काल संध्याकाळी किनाऱ्यावर कर्टिसकडे शेवंड खाल्लंन तिने. त्या माणसाचा बर्फ बघितलायस? बर्फ कसला, कोमट पाणी ते. मी नर्सला सांगून आले, शेवंडच बाधलंय म्हणून."

"नर्स काय म्हणाली?"

"काय म्हणणार? आता बसलाय कर्टिस बोंबलत." पॅन्झीची नजर ढिगाकडे गेली नाही. "तू का अशी भुईला बसलीस? गुडघे गेले की काय?"

"गेले," आयसिल्डा म्हणाली आणि उठली.

आरोग्य केंद्राची वाट खाली उतरते, समुद्राच्या बाजूला. आयसिल्डा डोक्याला रुमालही न बांधता निघाली. उभ्या जन्मात ती अशी बाहेर पडली नव्हती. चालता चालता ओठ आपोआप हलत होते, कारण दुःखात प्रार्थना करायची एवढं एकच तिला येत होतं. तारणहारा, ते शेवंडच असू दे. तारणहारा, कर्टिसचा बर्फच वाईट असू दे.

वळणावर ती खाडकन थांबली. आपण देवाकडे काय मागतोय, ते तिच्या कानांनी ऐकलं होतं. कर्टिसला दोन लहान मुली, समुद्रातली शेवंडं विकण्यावर पोट. त्याच्या गळ्याला फास लागू दे, एवढंच मागणं. ती रस्त्याच्या कडेला दगडाला धरून उभी राहिली. दुसरं काही मागायचा प्रयत्न केला. बाईला वाचव म्हणावं, तर बाईला वाचवायची वाट आयसिल्डाच्याच तोंडातून जाणार होती. अ‍ॅकी हा शब्द नर्सच्या कानावर पडल्याशिवाय नर्स पोटाचंच औषध देत बसणार होती. आणि तो शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न व्हर्नलचा.

आश्रमाच्या पलंगावर व्हर्नल बूट घालून बसलाय आणि कुणी त्याची नाडी बांधत नाही, असं तिला दिसलं. तिने देवाला मोठ्याने म्हटलं, "मला हे करायला लावू नकोस." वाटेवर कुणी नव्हतं. मग ती पळायला लागली, त्या वयात, चप्पल हातात घेऊन.

केंद्रात मिस इंगा भिंतीकडच्या खाटेवर होती. चेहरा मेणासारखा, केस घामाने कपाळाला चिकटलेले. नर्स ब्रॅमवेल तिच्या गालावर हलके थापट्या मारत होती. "डोळे उघडा, मॅडम. माझ्याकडे बघा." बाईने डोळे उघडले आणि कुठेच बघितलं नाही.

"बाहेर थांबा मिस आयसिल्डा, आता नाही," नर्स म्हणाली.

"अ‍ॅकी खाल्लीय तिने. माझ्याकडे. न हसलेली."

नर्सचा हात हवेतच राहिला. पुढच्याच क्षणी ती बोट टोचून रक्तातली साखर बघत होती, कपाट उघडत होती, आतल्या माणसाला ओरडून गाडी बोलावत होती. साखरेच्या पाण्याची पिशवी लटकली, नळी लागली. बराच वेळ कुणी आयसिल्डाकडे वळून बघितलं नाही. ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि पिशवीतला थेंब पडताना बघत होती. प्रत्येक थेंबाला मनात एकच शब्द, ये, ये, ये.

बाई कण्हली. पाणी मागितलं, का आणखी काही, कळलं नाही.

"वाचेल का, नर्स?"

"मोठ्या इस्पितळात नेल्यावर कळेल. आत्ता काही म्हणत नाही मी." नर्स तिच्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच आयसिल्डाला सोसेना. "फळं कोणी काढली?"

"मी."

"तुम्ही? तुम्ही मला लहानपणी अ‍ॅकी साफ करायला शिकवलंत."

"मीच. घाई झाली. माझी चूक." हे बोलताना तिला बरं वाटलं, भलतंच हलकं वाटलं. खानावळ जाईल, नाव जाईल, पोलीसही येतील. येऊ देत. व्हर्नल घरी राहील.

"ठीक आहे," नर्स म्हणाली. "मग मला सांगा, त्या झाडाची कालची फळं आणखी कोणाकोणाला दिलीत?"

याचा तिने विचारच केला नव्हता.

झाड ज्याच्या अंगणात, त्याने जास्तीची फळं कुंपणापलीकडे द्यायची. अ‍ॅकी कुणी एकट्याने खात नाही. जो काढतो तो वाटतो. ती देवळात असताना काल किती फळं उतरली, टोपलीत किती होती, कुणाच्या फाटकावरून आत गेली, तिला काय माहीत? वर गल्लीत मिस ऊनाची तीन नातवंडं. कोपऱ्यावर पोटुशी जेनेल. आणि काल शिजवली नसेल तर आज सकाळी शिजेल. या घटकेला कुणाची तरी चूल पेटलेली असेल.

"मिस आयसिल्डा, मुलांना हे विष फार लवकर चढतं. कोणाला दिलीत?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. आणि मग, आतलं सगळं ढासळल्यासारखी, "मी नाही काढली. व्हर्नलने काढली. त्याला समजत नाही आता. कितीतरी दिवसांपासून समजत नाही. मी लपवलं."

नर्सने तिच्या दंडाला धरून बाकावर बसवलं. गाडी आली. स्ट्रेचर निघालं तेव्हा मिस इंगाचा हात बाजूला लोंबत होता. आयसिल्डाने तो उचलून चादरीखाली घातला. हात थंडगार होता.

"मोरीनला मला कळवावं लागेल," नर्स गाडीत चढता चढता म्हणाली.

"कळवा."

"आणि तुम्ही आधी घरोघर जा. हे विष रक्तातली साखर उतरवतं. ज्याने खाल्ली असेल त्याला साखरेचं पाणी पाजा आणि इकडे पाठवा. उलटीची वाट बघू नका."

चढ चढून ती घरी आली तेव्हा व्हर्नलचे दोन्ही बूट पायांत होते. नाड्या मोकळ्याच.

"व्हर्नल, काल अ‍ॅकी कुणाकुणाला दिलीस?"

"सगळ्यांना देतो मी."

"काल. काल कुणाला?"

तो आठवायला लागला. भुवया जवळ आल्या, ओठ हलले, मग चेहरा एकदम लहान मुलासारखा घाबरा झाला. "आयसी, तू रडतेस कशाला? मी काही वाईट केलं का?"

तिने खाली बसून त्याच्या नाड्या बांधल्या. गाठ बसेना, सोडून पुन्हा बांधली. "चल माझ्याबरोबर. काल टोपली घेऊन ज्या वाटेने गेलास, त्या वाटेने चल. फाटक दिसलं की आठवेल तुला."

"आणि नाही आठवलं तर?"

"तर प्रत्येक फाटकाशी थांबू."

फडताळातला साखरेचा डबा तिने काखेत मारला, दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं. गल्लीत वर कुणाच्या तरी घरात कांदा परतल्याचा वास सुटला होता. पहिलं घर मिस ऊनाचं. तिच्याकडे जाऊन आधी चुलीवरचं भांडं उतरवायला सांगायचं होतं, आणि मग नातवंडांनी काल काय खाल्लं ते विचारायचं होतं.