बांधावरची उलटी चाल

मंगळवारी पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी एल्युतेरियो दादिवास तळ्याच्या बांधावर चालत होता. पाठ समुद्राकडे, तोंड स्वतःच्या झोपडीकडे. झोपडीपासून, भरतीचं पाणी तळ्यात घेणाऱ्या मोठ्या झडपेपर्यंतचा बांध तीनशे चाळीस मीटर लांब आहे आणि वर जेमतेम दीड हात रुंद. एका बाजूला बांगुस माशांचं तळं, दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल. गेले सात महिने तो हे अंतर रोज उलटा चालून काटतो.

सरळ चालायला गेला की डावं पाऊल आत वळतं, मान उजवीकडे ओढली जाते आणि दहा पावलांत तो पडतो. उलटा चालला की पाऊल सपाट पडतं आणि मानही बरीचशी जागेवर येते. दातांत पेरूची काडी धरली की जबडा सुटतो आणि बोलता येतं. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. एकदा चिडलेल्या म्हशीपुढून मागे सरकताना आपण पडलो नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

एल्युतेरियो, म्हणजे सगळ्यांचा तेर्यो, त्रेचाळीस वर्षांचा आहे. पनाय बेटाच्या या किनाऱ्यावर हा आजार घराघरांतून चालत आला आहे. आईकडून येतो, मुलग्यांना होतो. त्याचा थोरला भाऊ आर्नुल्फो याच आजाराने सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. डॉक्टरांनी मेंदू मागितला, तेव्हा म्हातारी आई म्हणाली होती, "पोरगा गेलाच माझा. निदान डोकं तरी कुणाच्या कामी येऊ दे."

त्या मेंदूच्या कापाचा फोटो डॉक्टर बेर्नास यांनी गेल्या वर्षी तेर्योला दाखवला. शेजारी निरोगी मेंदूचा फोटो ठेवला होता. आत खोलवर, दोन्ही बाजूंना, हालचालींची निवड करणारा एकेक गोळा असतो. आर्नुल्फोचा तो गोळा आक्रसला होता आणि त्यात ठिकठिकाणी पेशी मेल्याचे पांढुरके ठिपके होते. तेर्योने त्या ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"तळं सुकवल्यावर तळ असा दिसतो," तो म्हणाला. "कुठं ओल, कुठं भेगा."

"तुझे पाय ठीक आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना हुकूम देणारा मुकादम बिघडलाय. सरळ चालायचा हुकूम लहानपणापासून ज्या वाटेनं जातो, ती बुजत चाललीय. उलटं चालायचा बहुतेक दुसऱ्या वाटेनं जातो."

"ती वाट किती दिवस राहील?"

"माहीत नाही. खोटं सांगणार नाही."

बाकीचं त्याने स्वतः बसवलं. त्याचा बाप समुद्रात मासेमारीची जागा किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणून शोधायचा. तेर्योनेही झोपडीच्या छपराचं टोक आणि तिच्यामागचा वाकडा माड धरला. दोन्ही एका रेषेत असले की पाय बांधाच्या मध्यावर. माड छपराच्या डावीउजवीकडे सरकला की तो थांबतो. ही रेष अंगात भिनायला सव्वा महिना लागला. त्या सव्वा महिन्यात तो अकरा वेळा पाण्यात पडला. बायको मारीविक हिने तेवढ्या वेळा पँट धुतली आणि आकडा तिनेच लक्षात ठेवला.

या मंगळवारी प्रश्न नोकरीचा होता. राखणदाराची नोकरी गेली तर झोपडीही जाणार, कारण ती तळ्याबरोबरच येते. तळ्याचे मालक पाकीतो आसिस सत्तरीचे आहेत. सगळे त्यांना नोंग, म्हणजे दादा, म्हणतात. राखणदार बांधावर पडतो, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. घातलं होतं शेजारच्या तळ्यावरच्या दोदोयने. त्याचा मेव्हणा बेकार आहे. मालकांनी निरोप धाडला: मंगळवारच्या भरतीला येतो, माझ्यासमोर झडप उघडून दाखव.

पावणेसहाला ते आले. सोबत दोदोय.

तेर्यो सरावापुरता निम्म्या बांधापर्यंत जाऊन झोपडीपाशी परतला होता. त्याने पुन्हा पाठ फिरवली आणि चालायला लागला. त्याच्यामागून, म्हणजे त्याच्या तोंडासमोरून, मालक, मारीविक आणि दोदोय एकामागे एक निघाले.

"तेर्यो, आज गेलास की आलास?" दोदोय म्हणाला.

तेर्योने छपरावरची नजर काढली नाही.

"नोंग, पाय उलटे पडणाऱ्या माणसाच्या हाती तळं द्यायचं म्हणजे बघा बुवा. गावात म्हाताऱ्या काय काय बोलतात."

"तू सरळ चालतोस ना रे दोदोय?" मारीविक म्हणाली. "मग कुठं पोचलास इतक्या वर्षांत?"

मालक हसले नाहीत. "गप्प बसा दोघं. त्याला चालू द्या."

दोनशे मीटरवर तेर्यो थांबला. उजवी टाच उचलली, पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काडी पडली आणि खाडीत गेली. जबडा आवळला. मान ओढली गेली. तोंडातून नुसता घशातला आवाज आला.

"झालं," दोदोय म्हणाला. "अडकला. मी म्हटलं नव्हतं?"

मालकांनी घड्याळ पाहिलं. भरती पूर्ण व्हायला नऊ मिनिटं होती. "तेर्यो, बस झालं. बाजूला हो. दोदोय उघडेल झडप."

तेर्यो हलला नाही. त्याने टाच त्याच जागी आपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी टाच घोट्यापर्यंत आत गेली आणि भोवती गढूळ पाणी वर आलं.

मालक गुडघ्यांवर बसले. बाही वर सारून त्यांनी हात घातला. तो कोपरापर्यंत गेला.

"चिंबोरीचं बीळ," ते म्हणाले. "आरपार आहे. झडप उघडून पाण्याचा जोर आला असता तर बांध इथंच फुटला असता. दोदोय, काल कुणी बघितला होता बांध?"

"मीच, नोंग. तुम्ही सांगितलं म्हणून. ठणठणीत होता."

"सरळ चालत बघितलास?"

पाय टाकण्याआधी टाचेने जमीन चाचपायची गरज सरळ चालणाऱ्याला पडत नाही, एवढीच ती गोष्ट होती.

मारीविकने खालच्या बाजूने चिखल काढला आणि बीळ बुजवलं. दोदोयला चिखल तुडवायला लावलं. त्यात भरती निघून गेली. झडप आज उघडलीच नाही. पण तेर्यो उरलेले एकशे चाळीस मीटर चालला. झडपेला पाठ टेकली तेव्हाच थांबला. मग वळून त्याने झडपेच्या एकावर एक बसवलेल्या फळ्यांतली पहिली फळी उचलली, आणि ती उचलता येते हे मालकांनी पाहिल्यावर परत खाचेत बसवली.

मालक झडपेच्या कठड्यावर बसले होते. ते सावकाश बोलले. "डिसेंबरात मासळी निघेपर्यंत झोपडी तुझी. मग परत बघू. ज्या दिवशी चालवणार नाही, त्या दिवशी तूच मला सांगायचं. मला बोलायला लावायचं नाही."

तेर्योने दोन बोटं हनुवटीखाली दाबली. जबडा थोडा सुटला.

"सांगेन," तो म्हणाला. "आज नाही सांगत."

"आज विचारलं कुणी?" मालक म्हणाले आणि उठले.

परतताना त्यांनी मारीविकला बाजूला घेऊन दोन गोष्टी ठरवल्या. भरलेल्या पाण्यात खालच्या फळ्या जड होतात, त्या तिने काढायच्या. आणि बिळाची जागा रोज दोघांनी मिळून बघायची.

उद्या बुधवार. भरती सहा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी पूर्ण होईल. मारीविक सहाला चिखलाची टोपली घेऊन पुढे जाईल. सहा वाजून दहा मिनिटांनी तेर्यो झोपडीकडे तोंड करून निघेल.