गर्दी पुरवणारा आकाराम

कोल्हापुरात सिनेमाचं शूटिंग लागलं की स्टुडिओतून पहिला निरोप हिरोला जायचा आणि दुसरा आकारामला. हिरो एकटा आला तरी भागायचं. आकारामला मात्र कधी अख्खा बाजार, कधी जत्रा, तर कधी मयताला जमलेली माणसं घेऊन जावं लागायचं. शाहूवाडीकडून पोरवयात शहरात आलेला हा गडी आयुष्यभर गर्दी पुरवत राहिला. त्याने शब्द टाकला की पेठेतल्या बायाबापड्या, रिकामे पैलवान, पेन्शनीतले म्हातारे मुकाट गोळा व्हायचे. त्यांना तो एकच धडा द्यायचा. "कॅमेऱ्याकडं बगायचं न्हाय. गर्दीत कोण उठून दिसलं की सीन नासला म्हणून समजा." तो स्वतः कितीतरी सिनेमांत होता आणि एकातही कुणाला दिसला नव्हता. याचा त्याला केवढा अभिमान! आता याला अभिमान म्हणावं की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा.

त्याची मुलगी श्यामला अठ्ठ्याहत्तर साली बी.ए. झाली. तिने बी.एड. करून शाळेत शिकवावं, हे त्याने मनात पक्कं करून टाकलं होतं. पोरीला मात्र विचारायचं राहून गेलं होतं. एका संध्याकाळी तिने जेवणाच्या पाटाशेजारी तीन माहितीपत्रकं मांडली आणि सांगून टाकलं, "आबा, मला नाटकाची पदवी घ्यायचीय."

आकारामचा घास हातातच राहिला. "कशाची?"

"नाटकाची. अभिनयाची."

"त्याची डिग्री असती?"

"असती की. बी.ए.नंतर जाता येतंय."

तो इतका हबकला की हात न धुताच उठला. नट आपोआप होतो, कुणी दिसायला बरा म्हणून, कुणी गळा चांगला म्हणून, कुणी नुसता वशिल्याचा म्हणून, एवढंच त्याला ठाऊक. आणि इथे परीक्षा घेऊन नट पास-नापास करतात? दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या कँटीनमध्ये त्याने चार जणांना विचारलं. ते पोट धरून हसले. आकारामला हसूही येईना.

पण पोरगी हटेना. मग आई, बाप आणि पोरगी अशी तिघंही ती माहितीपत्रकं घेऊन बसली. दिल्लीला तीन वर्षं, शिष्यवृत्तीही मिळण्यासारखी, पण सगळा कारभार हिंदीत. बडोदा त्यातल्या त्यात जवळ, पण अवतीभवती गुजराती. औरंगाबादला मराठीत शिकवतात, एस.टी.ने एका रात्रीत पोचता येतं. श्यामला कुठे कोणते विषय ते बघत होती आणि आकाराम खानावळ कुठे चांगली ते बघत होता. वाचता वाचता त्याचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. आवाजाचा तास, तोल सांभाळायचा तास, नुसतं चालायचा तास!

"चालायला शिकिवत्यात?" आई तानाबाई कपाळाला हात लावून म्हणाली. "मी हिला वर्साची असताना फुकट शिकिवलंय की."

शेवटी औरंगाबाद ठरलं. श्यामला एवढंच म्हणाली, "त्यांनी घेतलं आणि तुमी नको म्हणालासा, तर मी जायची न्हाय. पर एकदा बगून तरी या." आकारामने मान डोलावली. आत कुठेतरी त्याला वाटत होतं, नकोच घेऊ देत. पोरगी नाटकात गेली तर पेठेत तोंड कसं दाखवायचं? पण आपल्या पोरीने जाऊन हसं करून घ्यावं, हेही त्याला सोसणारं नव्हतं. म्हणून त्याने महिनाभर तिची तयारी करून घेतली. अर्थात त्याला जी येत होती ती.

मुलाखतीच्या खोलीत चार परीक्षक होते. बाप एवढ्या लांबून आलाय म्हणून त्यालाही मागच्या बाकावर बसू दिलं. एक सर म्हणाले, "बाजारात भाजी घ्यायला आलेली बाई करून दाखवा."

श्यामला आली, परीक्षकांकडे पाठ करून वाकली, दोन भाज्या चाचपल्यासारखं केलं आणि भिंतीच्या कडेने निघून गेली. कुठे धक्का नाही, कुठे गडबड नाही. झकास, असं आकाराम मनात म्हणाला. इतकी चोख बाजारातली बाई त्याने पेठेत पाहिली नव्हती.

"हं, करा आता सुरू," सर म्हणाले.

"झालं सर," श्यामला म्हणाली.

परीक्षक एकमेकांकडे बघू लागले. परीक्षकांतल्या बाई हळूच म्हणाल्या, "अगं, पण तू दिसलीच नाहीस." आकारामला कानफटात बसल्यासारखं झालं. जन्मभराची अक्कल पोरीच्या पदरात बांधली होती आणि त्या अकलेनेच तिचा घात केला होता. नकोच घेऊ देत म्हणणारा हाच माणूस आता देव पाण्यात घालून बसला.

बाईंना दया आली असावी. त्या म्हणाल्या, "बरं, तुला अगदी जवळून माहीत असलेलं एखादं माणूस कर."

श्यामला क्षणभर थांबली. तिने मागच्या बाकाकडे एकदा पाहिलं आणि खांदे पाडले. पाठीला पोक आला, चेहऱ्यावर ओशाळं हसू आलं आणि ती न दिसणाऱ्या कुणा मॅनेजरपुढे हात जोडून बोलू लागली. "सायेब, मानसं सकाळधरनं उनात हायत. जेवायचं तेवडं बगा की. व्हय सायेब, चूक झाली. शिव्या मला घाला, मानसास्नी घालू नगा."

आकारामच्या पायाखालची जमीन सरकली. हे घरात कुणालाही ठाऊक नव्हतं, निदान त्याची तशी समजूत होती. घरी तो स्टुडिओत ज्याच्यावाचून पान हलत नाही असा माणूस होता. लहानपणी सुट्टीत ही चिमुरडी डबा घेऊन स्टुडिओत यायची, तेव्हा कुठे उभी असायची, काय बघायची? श्यामला मॅनेजरच्या पायाशी वाकू लागली आणि आकारामने टॉवेलने तोंड झाकून घेतलं. लाज, राग, काय ते त्यालाही कळेना.

टॉवेलआडून त्याला पोरीची पावलं वळल्याचं ऐकू आलं, पुढचं काही दिसलं नाही. मग बाईंचा आवाज आला, "ती पाठ! वळल्यावर दोन पावलांत ताठ झालेली ती पाठ! आणि माणसांना जाऊन काय सांगतोय, तर साहेबांनी स्वतः सांगितलंय, पोटभर जेवा! कोण आहे गं हा माणूस?"

श्यामला नुसती बापाकडे बघत होती. मग सगळ्यांनीच वळून बघितलं.

सर उठून उभे राहिले. "आम्ही हिला घेतोय. पालक म्हणून तुमची काही हरकत नाही ना?"

श्यामलाचा चेहरा पांढराफटक पडला होता. हा बाबा आता नाही म्हणणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं. आकारामने टॉवेल खांद्यावर टाकला, घसा खाकरला.

"हरकत न्हाय," तो म्हणाला. "पर तिला आजून एकदा करायला सांगा की, सर. मी मगाशी तोंड झाकून घेतलंतं. पाठ ताठ झालेली मला बगायची ऱ्हायली."